येते, म्हणाली

सोमवार, ४
आलो बुवा एकदाचा! खोली ऐसपैस, खिडकीखाली नदी, नदीत मोजपट्टी. गोण्या उचलण्यापासून सुरुवात करून पंपदुरुस्तीत चाळीस वर्षं काढली. नुसत्या आवाजावरून पंपाचं दुखणं सांगायचो. आता म्हातारपणी नदीची नाडी बघायची. दिवसातून तीनदा पट्टी वाचायची आणि टेबलावरच्या फोनवरून पूरकचेरीला कळवायचं. तिथल्या बाई आकडा परत म्हणून दाखवतात, म्हणजे ऐकण्यात चूक नको. सात मीटरला धोका. आज अडीच. बाई बारीक आवाजात म्हणाल्या, अडीच.

मंगळवार, ५
बाईंशी गट्टी जमली, म्हणजे बोलतो मीच. लेक खालच्या गावात नदीकाठी राहते, नातू सहा महिन्यांचा, सगळं सांगून झालं. वर तिचा नंबरही दिला : पूर आलाच तर पहिला फोन तिला. त्यांनी एकेक आकडा परत म्हटला. शेवटी म्हणाल्या, येते. गंमत वाटली. फोनवर माणूस 'ठेवते' म्हणतो. येते म्हणायला बाई काय दारात उभ्या होत्या?

गुरुवार, ७
अडीच. आज तो आकडा त्यांनी थेट माझ्या हेलात म्हटला. म्हटलं, बाई, माझी नक्कल करता काय? तिकडून तेच आलं : माझी नक्कल करता काय. हसलो खरा, पण जेवण गेलं नाही.

शुक्रवार, ८
पावणेचार. आभाळ कोरडं ठक्क, वरच्या अंगालाही पाऊस नाही. मग पाणी कुठलं? तिकडचा आवाज घोगरा झालाय. माझे कान फसत नाहीत. तो माझाच आवाज आहे. कालपर्यंत येते म्हणणारी आज म्हणाली — येतो.

शनिवार, ९, दुपार
कचेरीच्या बाई स्कूटरवरून आल्या, तावातावाने. सोमवारनंतर तुमचा एकही आकडा नाही, झोपा काढता का, म्हणाल्या. मी टेबलावरच्या फोनकडे बोट केलं. त्यांनी खिडकीबाहेर. तार सोमवारीच खांबावरून तुटली होती. टोक नदीत.
पट्टीवर साडेपाच. बाई भोंगा वाजवायला धावल्या.

थोड्या वेळाने
सात. पाणी दाराला लागलं, बाहेर पडता येत नाही. मोबाइलवरून लेकीला — तिसऱ्यांदा लागला. म्हटलं, बाळाला घे, टेकडीवर पळ. ती म्हणाली, अहो बाबा, मघाशी तुम्हीच नाही का सांगितलंत, टेकडी नको, पुलाखाली उतर, मी घ्यायला येतो म्हणून? उतरलोय आम्ही. मग म्हणाली, हे काय, समोरच तर आहात, किती भिजलात —
ओरडतोय. तिने फोन बाजूला ठेवला असावा, बंद नाही केला. ऐकू येतंय सगळं. पाणी. बाळ हसतंय. आणि माझा आवाज, लाडात, म्हणतोय दे इकडे, दे माझ्या राजा—