सीतादही

रविवार, ता. २० नवंबर १८६४

भगवंतराव यांस सत्यवतीचा सप्रेम सलाम.

पत्रावर नाव लिहावं लागतं म्हणून लिहिलं. तोंडाने नवऱ्याचं नाव अजूनही घेत नाही, तेव्हा घाबरू नका. मी खुशाल आहे. अकोल्यात कापसाच्या गाड्यांच्या गडबडीत तुमचं जेवण राहून जातं, हे मला न सांगता कळतं. मडमबाईंनी दिलेला गळपट्टा पेटीच्या तळाशी आहे, तो पहाटे बांधत जा. अमरावतीत कापसाच्या भावाशिवाय दुसरं बोलणं नाही. अमेरिकेतली लढाई थांबू नये म्हणून एक व्यापारी नवस बोलला म्हणे!

आज रविवार असून मी उपासनेला गेले नाही. का, ते सांगते. पण आधी पाणी पिऊन घ्या.

गुरुवारी दारात बैलांची दमणी थांबली. उतरलं कोण, तर पंजाबराव भाऊजी! आपण बाप्तिस्मा घेतला तेव्हा जिवंतपणी आपल्या नावाने मडकं फोडून ज्यांनी आंघोळ केली, तेच तुमचे धाकटे भाऊ. ओट्याखालीच उभे राहिले. पाणी विचारलं, तर नको म्हणून नुसती मान हलवली.

“वैनी, जमुना तापानं फणफणून राहिली. कापूस फुटून खाली गळून राहिला. सीतादही झाल्याबिगर बाया पराटीले हात लावत नाईत. बायांची म्होरकी गोदाबाई म्हणते, घरची थोरली सून जिती हाये, तिले आणा. नाई तर उद्या त्या दुसऱ्याच्या वावरात चालल्या.”

माझा जीव कात्रीत सापडला. पहिल्या वेचणीचा दहीभात पराटीच्या झाडाला वाहून हात जोडायचे, तर देवाला दिलेला शब्द मोडतो. नाही म्हणावं, तर आजारी जावेचं वर्षाचं पीक मातीत जातं. तुम्हाला विचारायला वेळ नव्हता. खरं सांगायचं तर विचारायचंच नव्हतं. त्या गावात पाय ठेवणार नाही, ही तुमची शपथ मला पाठ आहे.

“येते,” मी म्हटलं, “पण पराटीला हात जोडणार नाही.”

“मंग येऊन करता काय?” भाऊजी चिडले. ते मलाही ठाऊक नव्हतं. तरी मी दमणीत बसले.

शुक्रवारी सकाळी अंगणात वेगळी चूल मांडून भात शिजवला, दही कालवलं आणि भांडं घेऊन वावरात गेले. वेचणाऱ्या बाया बांधाच्या धुऱ्यावर उभ्या, गोदाबाई सगळ्यांच्या पुढे. बाप रे, किती डोळे माझ्यावर! मी माझे मिटले आणि मोठ्याने म्हटलं, “प्रभू, हे पीक तुझं, आणि या बायाही तुझ्याच.” मग पराटीकडे न जाता तिथेच बसले आणि भात बायांच्या हातात द्यायला लागले. आपल्या घरच्या रीतीसारखा वरून टाकला नाही, हाताला हात लागू दिला.

कोणी खाईना. गोदाबाईने हातातल्या भाताकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“या वावरात माहे केस पिकले, बाई. देवीले भात भेटे, आमाले वास भेटे.” तिने घास तोंडात घातला. चार शितं मात्र पराटीवर उडवली. “तुमचं तुमी केलं, माह्यं मी केलं!”

बाया खदखदून हसल्या, कापसासाठी पदराच्या ओट्या बांधल्या आणि ओळींत शिरल्या. मीही दिवसभर वेचलं. बोंडांनी बोटं ओरबाडली, पण इतका आनंद मला बाप्तिस्म्याच्या दिवशीही झाला नव्हता. हे पाद्रीसाहेबांना सांगू नका.

भाऊजी बाभळीखाली उभे होते. भांड्याच्या तळाशी थोडा भात उरला होता. मी हाक मारली. शेजारच्या वावरातून भाऊबंद पाहत होते, ते त्यांनीही पाहिलं. आणि हात पुढे केला.

“मीठ कमी पडलं, वैनी,” खाताना म्हणाले. मग तोंड फिरवून डोळे पुसले. “दादा येईन काय?”

तो प्रश्न मी तसाच तुमच्याकडे पाठवते आहे.

आता रागवायचं तर रागवा. पण तुम्ही दर रविवारी त्या दोन आज्ञा म्हणता ना? देवाला सगळ्यांहून मोठा मान देण्याची म्हणताना तुमचा आवाज छपराला भिडतो. दुसऱ्या माणसाला आपलं मानून जीव लावण्याची म्हणताना तो खाली येतो, आम्हा बायकांच्या सतरंजीपर्यंत पोचतही नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं. तुमच्यासारखा मायाळू माणूस मी दुसरा पाहिला नाही.

जमुनेचा ताप उतरला आहे. तिचं तान्हं माझ्या मांडीवर झोपलंय, म्हणून अक्षर वाकडं आलं. पत्राच्या माथ्यावर मी गाव घातलं नाही, हे तुमच्या ध्यानात आलंच असेल. भाऊजींनी माझं अंथरूण घरात घातलं आहे. पडवीत त्यांच्या अंथरुणाशेजारी आणखी एक घालून ठेवलं आहे. कोणासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आपल्या घरून,
तुमची सत्यवती