पत्र्याखालचा एको

शनिवार, वापी

किती सांगितलं, पण दादा ऐकेल तर ना. गावी तुडीलच्या आपल्या विहारावर पत्रा हाय, आवाज आधीच घुमतो, त्यात यानं साउंडच्या मशीनवर एको पार वर चढवलेला. उद्या तो गाणार, त्याच्या सरावाचं रेकॉर्डिंग पाठवलंय. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात आमच्या बापाचं, आबांचं नाव घातलंय. तेच कळत नाय. तीनदा ऐकलं, तरी नाव कळत नाय. उद्या आबांना जाऊन वर्ष, त्यांचं पुण्यानुमोदन, आणि मला सुट्टी नाय. फोनवर म्हटलं, “एको काढ, नाव तरी ऐकू दे लोकांना.” म्हणाला, “काढला की माझा फाटलेला घसाच ऐकू येतो रे. एवढं वाटतं तर तू ये आन् गा.”

घरात गाणारे आम्ही दोघंच. मशीनचं भाडं मागितलंय त्यानं. पंधराशे पाठवतोय.