पेटीला कुलूप नको

३ जानेवारी, शनिवार
सुकन्याचा प्रोग्राम बुद्धिबळाचा डाव जिंकत आलेला, आन कंप्युटर मधीच अपडेट म्हणून बंद पडला. आपला आपण! डाव गेला. पोरीची तीन वर्षं ह्या प्रोग्राममधी गेलीत. पंचवीसला नेटवर स्पर्धा हाय, प्रोग्रामच एकमेकांशी खेळणार. तिथं असं झालं तर? म्हणली, "आई, सिस्टीमच बदलते."

५ जानेवारी
नवी सिस्टीम लिनक्स घ्यायची का फ्रीबीएसडी — सकाळपासून बापलेकीचं तेच. ह्यांनी मोबाईलवर काय वाचलं कुणास ठाऊक, फ्रीबीएसडीच धरून बसले. दुकानात गिऱ्हाईक तेलाला खोळंबलेलं. म्हणलं, बैल घेताना जुंपून बघता ना? दोन्ही टाका, जी जास्त चाली मोजील ती ठेवा. लिनक्स पुढं गेलं. हे अजून फुगलेत.

६ जानेवारी
पोरीनं नव्या सिस्टीमला पासवर्ड घातला. मी काढायला लावला. आमच्या शिंगणापुरात घराला दार न्हाई आन ह्या कंप्युटरच्या पेटीला कुलूप? देवावर भरवसा न्हाई का?
"तुझा शनिदेव नेटवर पहारा देतो का गं?"
म्हणलं, सगळीकडं देतो.
ह्यांनीपण माझीच री वढली. मग काढला तिनं. पुण्याला कामावर परत जायची हुती, तिकडून बघता यावं म्हणून नेटची वाट उघडी ठिवून गेली.

११ जानेवारी
दुकानातून आले तर पंखा गरगरतोय. डाव कुठलाच चालू न्हाई. ह्यांनी हात लावला न्हाई, पोरीनं लावला न्हाई. पेटी तव्यागत तापलेली.

१२ जानेवारी
पुन्हा पंखा. दुपारभर.

१४ जानेवारी
संक्रांत. वाण घेऊन बाया आल्या, माझं ध्यान पेटीकडं. एक म्हणली, मालनबाई, तिळगुळ देताय का नुसतं धरून बसताय? तेवढ्यात सुकन्याचा फोन. तिकडून तपासलं हुतं तिनं.
"आई, कुणीतरी आत येऊन गेलंय."
"आपल्या घरात?"
"आपल्या घरातच म्हण. पहिल्यांदा आठ तारखेलाच आलं होतं."
पडदा सारून बघितलं. वसरीत कुणी न्हाई. कोण असणार हुतं!

१५ जानेवारी
पेटी आज पासवर्ड मागती. आमी कुणी घातला न्हाई. मी वायरच उपटली. हे म्हणले, देवाला तेल वाहून ये. वाहिलं. प्रोग्रामची नक्कल पोरीजवळ हाय, स्पर्धा चुकायची न्हाई म्हणली. पण आवाज बसलेला.

२४ जानेवारी
उद्या. जेवण ग्वाड लागंना.

२५ जानेवारी, रविवार
स्पर्धेतनं सुकन्याला काढलं. असाच प्रोग्राम तिच्या आधी दुसऱ्या कुणी पाठवलाय. चाल न् चाल तीच. तिथं सगळ्यांसमोर चोर म्हणून आमच्या पोरीचं नाव लावलंय.