दोन आणि चारवर टाळी

प्रिय जिराफबाई,

फोन उचलायचाच नाही असं तू ठरवलंयस, म्हणून हे कागदावर. तुझी खबर तुझ्या नवऱ्याकडून कळते, पण त्या माणसाचं घर जळत असलं तरी सगळं ठीकच असतं, तेव्हा त्याच्यावर काय विश्वास ठेवणार? मी दमलेय गं. शाळेतून येते, चपला काढते आणि दिवा न लावता खुर्चीत बसून राहते. कुणी पाणी विचारलं तरी हो-नाही म्हणायचा कंटाळा येतो.

पुढच्या वर्षीपासून गायनवृंदाचा तास बंद करून त्या खोलीत संगणक मांडायचे, असं आमच्या मोठ्या बाईंच्या मनात आहे. एकच दार त्यांनी किलकिलं ठेवलंय. वार्षिक कार्यक्रमात पोरं काही ऐकण्यासारखं गायली तर पुन्हा विचार करू म्हणाल्या. गेल्या वर्षी पियानोवर साथ करायला तू नव्हतीस, इस्पितळात होतीस, आम्ही रेकॉर्ड केलेल्या साथीवर गायलो आणि पहिल्या रांगेतले साहेब चक्क पेंगले. तेव्हाच मी चिडून ठरवलं, यंदा जॅझ. तू इतकी वर्षं माझ्या मागे लागली होतीस ना? घे.

नुसतं गाणं निवडतानाच जीव मेटाकुटीला आला. एकात वरच्या आवाजाला इतकं चढवलेलं की आमच्या पोरी किंचाळल्याच असत्या. दुसऱ्यात मांजराची पिल्लं नाचत होती. आठवीच्या पोरांपुढे ते ठेवलं असतं तर त्यांनी मला पिल्लांसकट खिडकीबाहेर टाकलं असतं. शेवटी एक सापडलं, शेवटची बस चुकलेल्या बाईचं. दोनच आवाज, सुरुवातीला सगळे एकत्र, मग खालचे विचारतात आणि वरचे उत्तर देतात. ज्या पोरांचा आवाज फुटायला आलाय, त्यांनाही खालची ओळ झेपते. शब्द रडके आणि चाल मात्र मिश्कील. मला फार आवडलं ते.

आणि मग मी माती खाल्ली. जॅझमध्ये दोन-दोन सुरांच्या जोडीतला पहिला सूर जरा रेंगाळतो आणि दुसरा मागून चटकन येतो, हे तुला मी काय सांगायचं. पण किती रेंगाळायचं, हे मी पोरांना मापून दिलं! फळ्यावर लिहून, टेबलावर पट्टी आपटून. गुणी पोरं माझी, तंतोतंत शिकली. ऐकते तर काय, लंगडा घोडा! सूर सगळे जागच्या जागी, आणि गाण्यात जीव नाही. चार मात्रांतल्या दोन आणि चारवर टाळी द्या म्हटलं, तर दुसऱ्या ओळीपासून सगळी एक आणि तीनवर, कवायत चालल्यासारखी. मला घड्याळबाई म्हणतात ते काय उगाच? एकवर जोर द्यायला त्यांना मीच शिकवलंय. पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं, तर घडा पालथा घालणारी मीच.

रेकॉर्ड केलेली साथ लावून पाहिली. ती मेली कुणासाठी थांबत नाही. पोरं श्वास घेतात तोवर ती पुढच्या ओळीत. तू पोरांच्या खांद्यांकडे बघत वाजवायचीस, छोट्यांचा दम पुरला नाही की अर्धा क्षण रेंगाळायचीस, आणि मला वाटायचं, माझीच लय किती छान चाललीये! मग गणिताच्या नव्या बाईंना पियानो येतो म्हणून त्यांना बसवलं. त्यांनी दोन्ही हातांनी इतकं भरगच्च वाजवलं की पोरं त्याखाली दबूनच गेली. परवा मात्र त्यांच्या उजव्या हातात चहाचा कप होता, म्हणून सहज नुसत्या डाव्या हाताने खालच्या सुरांची चाल वाजवली. एकेक सूर, रमतगमत घरी जाणाऱ्या माणसासारखा. आणि काय सांगू तुला! पोरांच्या माना हलायला लागल्या. टाळी आपसूक दोन आणि चारवर पडली. मागच्या रांगेतला तो कायम आंबट चेहऱ्याचा मुलगासुद्धा हसत गात होता. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. तेवढ्यात बाईंनी कप ठेवून उजवा हात घातला, आणि सगळं पुन्हा ताठ झालं. मी इतकी ओरडले की त्या रुसून गेल्या. दुसऱ्या दिवशी हातापाया पडून आणलं, पण मुद्दाम वाजवायला सांगितलं की त्याही माझ्यासारख्या मोजायला लागतात.

आता हे सगळं तुला का लिहितेय ते ऐक. काल तुझा नवरा बोलता बोलता बोलून गेला की तू पियानो विकायला काढलायस. उजवा हात उठत नाही, मग ते धूड घरात कशाला, असं म्हणालीस म्हणे. तो ठीक आहे म्हणाला नाही गं, रडला. हे बघ, मी तुला दया म्हणून बोलावत नाहीये, दया करण्याइतकं त्राण माझ्यात उरलेलं नाही. मला तुझा उजवा हात नकोच आहे. या गाण्यात तो नडतो, परवा कानांनी ऐकलंय मी. मला तुझा डावा हवाय. सोमवारी शाळा सुटल्यावर तालीम आहे, मी रिक्षा घेऊन दारात येते. तू येणार असं पोरांना सांगूनही बसलेय, तोंडघशी पाडायचं तर पाड. पण ये गं. मला एकटीला आता हे रेटवत नाही.

तुझीच,
घड्याळबाई