बारा नळ आणि एक आरसा

३ मार्च, सकाळी ९
आजपासून रोजनिशी. मोठ्या पदावर पोचलेल्या माणसाकडे जुने कागद असावेत. सध्याचं पद: खाण कंपनीत समाजसंपर्क अधिकारी. कंपनी परदेशी, मी इथला. टेकडीखालच्या गावाचं भलं करणं हे माझं काम. सख्खी मोठी बहीण त्याच गावात दिलेली, म्हणजे घरचंच कार्य.
संकल्प: वर्षअखेर हेड ऑफिसला, परदेशात.

५ मार्च
ताईचा फोन. खाणीने खोल उपसा सुरू केल्यापासून गावच्या विहिरी आटल्यात, कंपनीचा आठवड्याचा एक टँकर पुरत नाही, पाइपलाइन टाकून दे म्हणाली. मी म्हणालो, तुझा भाऊ बसलाय ना इथे! ती म्हणाली, बसलायस तेच दिसतंय. स्वभाव पहिल्यापासून तिखट. तरी शब्द दिला: महिन्याभरात गावात नळ.

१२ मार्च
पाइपलाइन बारगळली. वकील म्हणतात, ती टाकली की पाणी आपणच पळवलं असं कबूल केल्यासारखं होतं. मात्र बजेटच्या 'स्वच्छता' या सदरात भरपूर पैसे आहेत. आंघोळ करताना सुचलं: हात धुण्याचं केंद्र! बारा नळ, स्टीलची बेसिनं, लांबलचक आरसा. आरसा खास माझी कल्पना. फोटोत गर्दी दुप्पट दिसते.

२४ मार्च
केंद्र उभं राहिलं. प्लंबरने विचारलं, साहेब, पाणी कुठून येणार? मी म्हणालो, आधी नळ तर येऊ दे. हा माणूस जन्मभर प्लंबरच राहणार.

३ एप्रिल
परवा उद्घाटनाला परदेशातून बडे साहेब. या आठवड्याचा टँकर केंद्राच्या टाकीत ओतायचा ठरवलाय. एका खेपेचा तर प्रश्न. ताईला सांगितलं नाही. सरप्राइज.

५ एप्रिल, दुपारी १
बापरे. टँकर कुठे गेला ते गावाला कळलं. सकाळी सातलाच सगळं गाव हंडे-कळश्या घेऊन बाराही नळांवर. बेसिनात हंडा मावेना, तर कोणीतरी बेसिनच उचकटलं. मी ओरडलो, अहो, हे फक्त हातांसाठी आहे! ताई सगळ्यात पुढे. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
तेवढ्यात साहेबांची गाडी. मी उचकटलेल्या बेसिनासमोर आडवा उभा राहिलो. पण साहेब खूश! दुभाषा म्हणाला, हात धुण्याची एवढी हौस साहेबांनी कुठल्याच देशात पाहिली नाही. हंडे कशाला, असं साहेबांनी विचारलं. मी सांगितलं, घरच्या म्हाताऱ्यांचे हात धुवायला. साहेबांनी स्वतः नळ सोडला तेव्हा नुसतं फुस्स झालं, पण तोवर फोटो निघाले होते. एकूण चौऱ्याहत्तर.

८ एप्रिल
रिपोर्ट पाठवला. लाभार्थी म्हणून हात मोजले, आकडा आपोआप दुप्पट. शेवटचं वाक्य तीनदा घासूनपुसून लिहिलं: "गावाची पाण्याची गरज आता कायमची भागली आहे." वाचून मलाच भरून आलं.

१९ एप्रिल
हेड ऑफिसचं पत्र. रिपोर्ट फार आवडला. पलीकडच्या गावातही बारा नळ बसवायचे, मीच, याच पदावर. आणि गरज कायमची भागल्यामुळे टँकर बंद.
'कायमची'ऐवजी 'बरीचशी' लिहायला हवं होतं. आता टँकर परत मागायचा तर माझाच रिपोर्ट खोटा ठरतो. चार दिवस थांबू, काहीतरी निघेल. ताईचे सहा फोन. मी मीटिंगमध्ये होतो. मीटिंगला मी एकटाच होतो.

२२ एप्रिल, सकाळी ८
ताई आली. सोबत भाऊजी, सासूबाई, दोन भाचरं आणि अकरा हंडे. भांडली असती तर बरं वाटलं असतं. फक्त म्हणाली, तुझ्या क्वार्टरला नळ आहे ना, मग गावात टँकर येईपर्यंत आम्ही इथेच. मागोमाग तिची शेजारीण, तिच्या जावा, आणखी हंडे. बायकोने सगळ्यांना चहा केला, मला सोडून.
लाज वाटली. खरंच वाटली. म्हटलं निदान ऑफिसला वेळेवर जावं. हात धुवायला मोरीत गेलो. ताईने मान वर न करता सांगितलं, रांगेत ये.
रांगेत उभा राहून लिहितोय. माझ्यापुढे सतरा जण आहेत.