अकरा सह्या आणि शब्बीर

३ एप्रिल
खाली जिन्यापाशी बिल्डरनं कागद डकवलाय. गच्चीवर तीन खोल्या बांधणार म्हणे, आम्हा फ्लॅटवाल्यांची संमती आहे. कधी दिली? सौ.नं कुरडयांचे गहू आणून ठेवलेत. वाळवायच्या कुठं? तिला अजून बोललो नाय.

४ एप्रिल
आठवलं. ताबा मिळाला तेव्हा सगळ्यांनी मिळून वास्तुशांत केली. पंगतीत बिल्डरचा माणूस कागद घेऊन आला. काका, तुम्ही वाचणारे, पहिली सही तुमची, म्हणाला. पुरणपोळीपुढं कोण वाचतंय! डाव्या हातानं ठोकली. माझी पाहून बाकीच्यांनी केली. पुंडलिकनगरात निम्म्या गल्लीचे अर्ज मी लिहितो, अन् स्वतःच...
सौ.ला सांगितलं. "हात धुऊन तरी करायची," म्हणाली. हसत होती, बरं झालं.

६ एप्रिल
इमारतीच्या घोषणापत्राची नक्कल ट्रंकेतनं काढली. पट्टी धरून दोनदा वाचली. गच्ची, जिना, टाकी सामाईक. प्रत्येकाचा वाटा फ्लॅटला चिकटलेला, सुटा करून विकता येत नाय. त्यात बदल करायचा तर एकूण एक मालकाची सही, वर नोंदणी. शेजारच्या वकिलीणबाईंना दाखवलं. बरोबर वाचलंत म्हणाल्या. सातवी पास माणसाला आणखी काय पाहिजे. चहा दोनदा घेतला.

७ एप्रिल
बिल्डरच्या कागदाची झेरॉक्स मिळाली. फ्लॅट बारा, सह्या अकरा! वरच्या मजल्यावरच्या शब्बीरची नाय. त्या दिवशी शेंद्र्याला कंपनीत दुसरी पाळी होती, पंगत हुकली. आनंदानं तसाच वर गेलो.
बिल्डर कालच येऊन कागद ठेवून गेलेला. वर खोल्या झाल्या की तुझं छत गळायचं थांबंल, सही कर, म्हणाला.
शब्बीर शांतपणे बोलला, "दोन पावसाळे अम्मीची खाट सरकवतोय, काका. तुम्हाला सांगितलं की तुम्ही 'बघू' म्हणता."
असोसिएशनचा अध्यक्ष मीच. खाली आलो.

९ एप्रिल
जिन्यातच सभा. छत सामाईक तर गळतीही सामाईक, दुरुस्ती सगळ्यांनी करायची, असं मांडलं. तळमजल्याचे जाधव कुरकुरले, माझ्या घरात कुठं गळतंय? सौ. मागून म्हणाली, "भाऊजी, पापड वाळवताना गच्ची तुमची, अन् गळायला लागली की शब्बीरची व्हय?" जाधव स्वतःच हसले. ठराव पास. शब्बीरची माफी सगळ्यांसमोर मागितली. तो नुसता 'ठीक आहे काका' म्हणाला.

१२ एप्रिल
गवंडी भेगा पाहून गेला. सोमवारी काम सुरू. तोवर कुरडया उरकायच्या म्हणून सकाळपासून गच्चीवर बायकांची लगबग. शब्बीरची अम्मी छत्री धरून कावळे हाकत होत्या. पाणी प्यायला त्यांच्याबरोबर घरात गेलो. बिल्डरचा कागद टीव्हीवर, बिनसहीचा. माझी नजर गेलेली अम्मींनी पाहिली.
"शब्बीर बोल्या, पहले काम देखूंगा."
रास्त आहे. मीही असंच म्हणालो असतो.