पुढची खोली आणि देवाची मूठ

मी, रिबकाबाई आनंदराव समुद्रे, वय सत्तरीच्या पुढं, काम घरचं आणि चर्चच्या चुलीवरचं, राहणार ब्रह्मपुरी, कोल्हापूर, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण अमरसिंह वकील म्हणाले, गुडघ्यांचं कायद्यात काही येत नाही. कुणी धाक घातलेला नाही. उलट मी फार आनंदात आहे. वकील म्हणाले, "आजी, मृत्युपत्रात आनंद लिहीत न्हाईत." मी म्हटलं, "म्हणूनच वाचताना माणसं रडत्यात की." शाळा चौथीपर्यंत झाली, तेव्हा अक्षराला हसू नये.

कलम पहिलं. आमच्या मालकांनी बांधलेल्या, आता माझ्या नावावरच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आणि माडी मुलगा सम्राट याला. रस्त्याकडं दार असलेली पुढची खोली त्याला नाही. ती तो मोबाइलच्या दुकानाला भाड्यानं देणार होता. ती आमच्या चर्चच्या महिला मंडळाला. अट एकच. जवळच्या दवाखान्यात पेशंट घेऊन खेड्यापाड्यांतून येणाऱ्यांना पाठ टेकायला आणि पेज प्यायला ती उघडी राहावी. जात-धर्म विचारू नये. प्रार्थना मागितली तर करावी, नाही मागितली तर आणखी पेज वाढावी.

हे असं का, ते सांगते. वकिलांनी खोडू नये.

आमच्यात बायका रोजचा तांदूळ काढताना एक मूठ वेगळ्या डब्यात टाकतात. ती देवाची मूठ. रविवारी सगळे डबे चर्चमधल्या एका पोत्यात रिकामे होतात. तरुण संघाची मिशन ट्रिप राधानगरीकडच्या एका वाडीवर निघाली, तेव्हा ते पोतं टेम्पोत टाकलं आणि स्वयंपाकाला मला घेतलं. भात पिकवणाऱ्या गावाला आपण तांदूळ घेऊन चाललोय, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. त्यात कुणाचा रेशनचा, कुणाचा जुना, कुणाचा नवा, असा घराघरांचा तांदूळ एकत्र. वाडीला जेवायला बोलावलं, झाकण काढलं, तर निम्मा भात शिजून चिखल आणि निम्मा कच्चा, नुसते खडे. पोरं गाणी म्हणत होती आणि मला रडू फुटत होतं.

जिच्या अंगणात चूल मांडली होती त्या झुंबरबाईनं शीत दाबून बघितलं. "पावणं, ह्यो भात हाय का भाऊबंदकी?"

सगळी वाडी हसली. मग तीच म्हणाली, "टाकू नगा. पाणी वता, मीठ घाला, रटरट शिजू द्या. पेजंत समदी एक हुत्यात."

लोणचं तिचंच. वाढायला गेलेले आम्हीच वाढून घेऊन आलो.

परत आल्यावर चर्चमध्ये पडद्यावर ट्रिपचे फोटो दाखवले, टाळ्या झाल्या. पुढं काही महिन्यांनी दवाखान्याच्या भिंतीला टेकून बसलेली झुंबरबाई दिसली. नवरा केरबा आत भरती. मी म्हटलं, "अगं, चर्च हितं जवळच हाय. आली का न्हाईस?"

"तुमची घंटा ऐकतीया की रोज," ती म्हणाली. "पर समदी नव्या कापडात. म्हटलं, कशाला मधी जावा?"

त्या दिवशी तिला पुढच्या खोलीत आणलं. केरबा त्याच पेजेवर उठून बसला. तेव्हापासून त्या दाराला दिवसा कडी नाही.

कलम दुसरं. चर्चचे पंच आकारामदादा भरल्या बैठकीत म्हणाले, "आजी, सुवार्ता लांब न्यायची अस्ती. दारात कसलं मिशन?" मी म्हटलं, "दादा, लांब जाऊन आले तवा दार दिसलं. ट्रिप जाऊ द्या, पर ती घरापतोर परत येऊ द्या." माझा तो राग अजून आहे. तो त्यांनाच ठेवते, सोबत पितळी डाव. मंगळवारी वाढायची पाळी त्यांची. पेजेत गुठळ्या झाल्या तर बायकांनी तोंडावर सांगावं.

कलम तिसरं. मुठीचा डबा, बायबल आणि बोरमाळ नात पूर्णिमा हिला. हे सगळं अमलात आणायचं कामही तिचंच. बोरमाळ खरं तर झुंबरबाईला द्यायची होती. वकील म्हणाले, साक्षीदाराला काही ठेवता येत नाही. ती म्हणाली, "मग माळ ऱ्हाऊ दे, मी साक्षीला बसते. उद्या कोण म्हणालं म्हातारी खुळी हुती, तर राधानगरीतनं यिऊन भांडीन."

हे सगळं लिहायला घेतलं, कारण भीती एकच होती. मी डोळे मिटले की त्या खोलीला शटर लागणार. काल ह्याचा कच्चा कागद घरात वाचून दाखवला, तर सम्राट मधूनच उठून गेला. वाटलं, रागावला. थोड्या वेळानं पुढून ठोकाठोकी ऐकू आली. जाऊन बघते, तर भिंतीला खुंट्या मारतोय.

"काय रे हे?"

"पिशव्या खाली ठेवत्यात, आई. भाकरीला मुंग्या लागत्यात."

म्हणून वर आनंद लिहिला. तो खोडायचा नाही.

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: २९ जानेवारी २०२५

सही: रिबकाबाई आनंदराव समुद्रे

रिबकाबाईंनी हे मृत्युपत्र वाचून आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली. त्या वेळी त्या पूर्ण शुद्धीत व आनंदात होत्या.

साक्षीदार:
१. अमरसिंह घोरपडे, वकील (फक्त वरील साक्षीचा मजकूर माझ्या हातचा)
२. झुंबरबाई केरबा पाटील, डाव्या हाताचा अंगठा